रंगोपंतानं बबनला खाल्लं नाही

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. म्हणाल्या, "मामा, कँटीनच्या दिवसांवर लिहा. पण पाककृती नकोत, त्या दुसऱ्या पानांवर आहेत." म्हटलं, सुटलो. माझ्या आमटीची कृती 'तूरडाळ दोन पोती' अशी सुरू होते, ती कुणाच्या कुकरात बसणार? आणि खरं सांगायचं तर लोक मला आमटीसाठी ओळखतच नाहीत. आजही पिंपळे सौदागरला लेकीकडं गेलो की लिफ्टमध्ये कंपनीतला कुणीतरी जुना माणूस भेटतो, नमस्कार करतो आणि बायकोच्या कानात सांगतो, "हेच ते. माणसं खाणारे." त्याचा खुलासा एकदाचा छापून यावा, एवढ्याच हेतूनं लिहायला बसलोय.

माझं नाव सुरेश. पण कँटीनवाल्याला सगळे मामाच म्हणतात, नाव विचारायची पद्धत नाही. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणारी एक मोठी कंपनी, तिथं आमच्या शेठचा जेवणाचा ठेका, आणि शेठच्या वतीनं काउंटरवर मी. दुपारच्या जेवणाला चौदाशे माणूस. सुट्टी अर्धा तास. त्यातून शॉपमधून, म्हणजे मशीनच्या विभागातून चालत येणं, हात धुणं, रांगेत उभं राहणं आणि परत मशीनवर जाणं वजा केलं तर पोटासाठी बारा मिनिटं उरतात. म्हणून आमच्या धंद्यातली खरी कला स्वयंपाकात नाही, रांगेत आहे. रांग अडली की सुपरवायझर कामगाराला शिव्या घालतो आणि कामगार मला.

रांगेचा एक कायदा आहे. तो कुठल्या हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात शिकवत नाहीत. पहिला माणूस जे घेतो ते मागचे पन्नास घेतात. पहिल्यानं कारलं घेतलं की कारल्याचं पातेलं रिकामं. पहिल्यानं नाक मुरडलं की बासुंदीसुद्धा उरते. त्यामुळं वांग्याच्या दिवशी मी आमच्या फोर्कलिफ्टवाल्या जगतापला मुद्दाम पाच मिनिटं आधी बोलावून घ्यायचो. जगतापला मीठ नसलेली आमटीही गोड लागते. तो पुढं असला की मला चिंता नसायची.

गिऱ्हाइकं तर काय एकेक. क्वालिटी खात्यातला निखिल चपाती उजेडाकडं धरून बघायचा आणि "मामा, जाडी सगळीकडं सारखी नाही" म्हणून परत करायचा. एका साहेबांनी मला रीतसर ई-मेल पाठवला होता: पापड मोडका मिळाला, मूळ कारण शोधून लेखी कळवावे. मी लेखी कळवलं, "मूळ कारण: पापड." साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि पापड मात्र रोज दोन घ्यायचे.

पण मला खरा तिटकारा एकाच जातीचा, ताटात टाकणाऱ्यांचा. आमच्याकडं दाराजवळ फळा असायचा, 'आज ताटात टाकलेलं अन्न', आणि खाली किलोचा आकडा. तो मी स्वतःच्या हातानं लिहायचो. उष्टी ताटं जमा करायच्या खिडकीशीही मीच उभा राहायचो आणि टाकणाऱ्याला नावानिशी झापायचो. प्रेस शॉपचा बबन हा माझा रोजचा आरोपी. ताट शिगोशीग भरून घ्यायचा आणि अर्ध्याहून जास्त बादलीत. "बबन, बापाचं राज्य आहे का रे?" की हा "चुकलं, मामा" म्हणून ओठ मिटून हसणार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार वर्षं हा कार्यक्रम चालला. मागचे टाळ्या पिटायचे, मलाही चेव यायचा.

आता रंगोपंत. तरुण मंडळींना तो सिनेमातला माहीत असेल, आमच्या पिढीला कादंबऱ्यांतला. ज्यांना कुठलाच माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रंगोपंत म्हणजे अतिशय सभ्य गृहस्थ. रेशमी सोवळं नेसतो, पाहुण्याला पाटावर बसवतो, पानाभोवती रांगोळी घालतो, स्वतः वाढतो, आग्रह करकरून खायला लावतो, वर हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हणतो. आणि जो पाहुणा पानात टाकतो तो पुढच्या पंगतीला पानावर बसत नाही, पानात वाढला जातो. दापोडीच्या रद्दीवाल्याकडून आणून मी सगळ्या कादंबऱ्यांची पारायणं केली होती. बायको ती पुस्तकं पोरांपासून लपवून ठेवायची. मी मात्र काउंटरवर उघड म्हणायचो, खून वगैरे वाईटच, पण माणसाचा मुद्दा बरोबर आहे.

हे निखिलच्या कानावर गेलं असणार. कारखान्यांच्या नाट्यस्पर्धेसाठी त्यानं रंगोपंतावर नाटक बसवलं होतं, आणि रंगोपंत करणारा एचआरचा अधिकारी दहा दिवस आधी काविळीनं झोपला. निखिल कँटीनमध्ये आला तेव्हा मी खिडकीशी बबनला झापत होतो. तो हाताची घडी घालून बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मामा, तुम्हाला अभिनय करायची गरजच नाही. फक्त सोवळं नेसा."

नाही म्हणायला पाहिजे होतं. पण साठीला टेकलेल्या माणसाला कुणी नायक करत असेल तर तो नाही म्हणत नाही, हे लिहून ठेवा.

रविवारी चिंचवडला प्राथमिक फेरीचा प्रयोग झाला. थिएटर आपल्याच लोकांनी भरलेलं. दुसऱ्या अंकात रंगोपंत पंगतीत वाढत फिरतो, त्या प्रसंगात निखिलनं मला रंगमंचावरून खाली प्रेक्षकांत सोडलं होतं. हातात पितळी भांडं आणि पळी. तिसऱ्या रांगेच्या कडेला बबन बसलेला दिसला आणि माझ्या अंगात काय संचारलं देव जाणे. संहितेत नव्हतं ते मी बोललो. त्याच्यापुढं वाकून, अगदी गोड आवाजात. "काय बबन, आजही टाकलंस? उद्यापासून तुला वाढायचं नाही. तुलाच वाढायचं. सावकाश होऊ द्या."

थिएटर कोसळायचं बाकी राहिलं. दोन मिनिटं मला पुढचं वाक्य घेता येईना. बबनही हसत होता, तोंडावर हात ठेवून. मला अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं ते त्या एका वाक्यावर, असं परीक्षकांनी स्वतः सांगितलं. मी घरी जाऊन सोवळ्यातच अर्धा तास आरशापुढं उभा होतो.

सोमवारी बबन कामावर आला नाही. मंगळवारीही नाही. आणि बुधवारी महिन्याचं मटण होतं.

कँटीनमध्ये मटणाच्या दिवशी वास सुटला की शॉपमधल्या घड्याळांची गरज राहत नाही. रांग दारापर्यंत होती, पुढं जगताप. मी वाटीत रस्सा घातला, दोन चांगले तुकडे घातले, वाटी पुढं केली. जगताप वाटीकडं बघतच राहिला.

"मामा, बबन कुठाय?"

"मला काय माहीत?"

"सोमवारपासून न्हाई. फोन बी बंद."

मागची मंडळी फिसकन हसली. जगतापही हसला. आणि हसता हसता त्यानं वाटी खाली ठेवली आणि डाळ घेऊन पुढं गेला.

झालं. कायदा मीच सांगितलाय तुम्हाला. मागच्या माणसानं डाळ घेतली, त्याच्या मागच्यानं डाळ घेतली. प्रत्येक जण हसत येत होता, प्रत्येक जण "मामा, हा कुठला भाग?" विचारत होता आणि प्रत्येक जण वाटीत बघितलं की गंभीर होत होता. चेष्टा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण जिभेला ते कसं समजावणार? चार पातेल्यांतली तीन जशीच्या तशी राहिली. गुरुवारी फळ्यावर माझ्या आकड्याखाली कुणीतरी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'बबन, पासष्ट किलो, हाडांसहित'. शुक्रवारी अंड्याची आमटी केली तर तीही परत यायला लागली. मी एकाला विचारलं, "अरे, अंड्यात काय असणार?" तो म्हणाला, "सुरुवात तिथूनच होती, मामा."

शनिवारी शेठ आले. शांत माणूस, आवाज कधी चढत नाही, तीच भीती. म्हणाले, "सुरेशराव, चेष्टा मलाही कळते. पण कंपनीनं विचारलंय, लोक जेवत का नाहीत. पुढच्या बुधवारीही असंच झालं तर मी तुम्हाला काउंटरवरून हलवतो. गोदामात बसा, तेल-तांदूळ बघा."

तुम्हाला वाटेल, गोदाम तर गोदाम, सावलीतलं काम. नाही हो. तीस वर्षांत मी कमावलं ते एवढंच, की अनोळखी चौदाशे माणसं डोळे झाकून माझ्या हातचं खातात. आत काय घातलंय हे कुणी विचारत नाही. आई सोडली तर माणूस एवढा विश्वास कुणावर ठेवतो? तो माझा विश्वास एका वाक्यात गेला होता, आणि ते वाक्य माझंच होतं. मी कोठीघरात जाऊन बसलो. चपात्यांकडच्या शकुंतलाबाई हात पुसत आल्या. या बाई लाटण्यासारख्याच, सरळ आणि लागणाऱ्या.

"नाटकात एवढं चांगलं काम कशाला करायचं, मामा?"

"आता करू काय ते सांगा."

"बबनला आणा. जिवंत दाखवा आणि पहिला उभा करा. दुसरा उपाय नाही."

बबन तळवड्याचा, जुन्या गावातला. आयटी पार्कच्या काचेच्या इमारतींच्या मागं त्यांचं घर आहे. रविवारी सकाळी मी तिथं पोचलो. दारात त्याची बायको, सुरेखा. माझ्याकडं आपादमस्तक बघितलं.

"तुमीच का ते मामा?"

"व्हय," मी म्हटलं. घाबरलो की माझी गावाकडची बोली बाहेर येते.

बबन अंगणात बाजेवर बसला होता, हातात वाटी, वाटीत भाताची पेज. मला बघून उठला. मी बसलो आणि आधी तावातावानं माझंच गाऱ्हाणं सांगितलं, मटण, अंडी, शेठ, गोदाम. तो ऐकून घेत होता. शेवटी मी म्हटलं, "अरे, एका चेष्टेवर कोण एवढं रुसतं?"

"रुसलो न्हाई, मामा," तो म्हणाला. "त्या दिवशी समदी हसली. म्या बी हसाया गेलो तर तोंडच उघडंना. कळ अशी आली की डोळ्यांत पानी. शेजारच्यानं बघितलं. म्हनून हात ठिवला."

मग त्यानं तोंड उघडून दाखवलं. म्हणजे जेवढं उघडत होतं तेवढं. धडधाकट माणसाच्या तोंडात तीन बोटं एकावर एक धरून उभी बसतात. त्याच्या तोंडात एक बोट जेमतेम जात होतं. अठराव्या वर्षापासून सुपारी आणि गुटख्याची पुडी, गाल आतून चामड्यासारखे कडक झालेले. सोमवारी बायकोनं ओढत दवाखान्यात नेलं होतं. तपासणीचा निकाल येईपर्यंत तो फोन बंद करून घरीच बसून होता. दुसरं वाईट काही निघालं नाही, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की पुडी सुटली नाही तर निघेल.

"आमी चार वर्सं घरात भाकर कुस्करून देतोय," सुरेखा म्हणाली. "हे कंपनीत काय खात्यात ते आमाला कुटं दिसतंय."

मग जे डोक्यात होतं तेच विचारलं. "अरे, मग ताट भरून का घ्यायचास?"

"कमी घेतलं की पोरं इचारत्यात, काय रं, उपास का? आजारी हाईस का? भरून घेतलं की कुनी इचारत न्हाई. टाकताना तुमी वरडता, तेवढंच. ते परवडायचं."

चार वर्षं रोज माझ्या डोळ्यांसमोरून तो गेला. तीस वर्षं मी लोकांच्या ताटांत बघितलं आणि तोंडाकडं एकदाही बघितलं नाही. मला माझीच लाज वाटली, इतकी की बाजेवर बसवेना. मी उभा राहून त्याची माफी मागितली, हात जोडून.

बबन म्हणाला, "बसा वो. रंगोपंतानं कुटं कुनाची माफी मागितली हुती?"

"माफी ऱ्हाऊ द्या," सुरेखा म्हणाली. "ह्यांना कँटीनात काय खायला देनार ते सांगा. मग धाडते."

बुधवारी चिकन होतं. मी पहाटे जाऊन एक लहान पातेलं वेगळं चढवलं. रस्सा तोच, मसाला तोच, पण चिकन बोटानं विरघळेल इतकं शिजवलेलं, हाड न् हाड मी हातानं काढलेलं, त्यात मऊ भात कालवलेला. तिखट बेताचं, कारण त्याच्या गालांना सोसत नव्हतं. वरून दिसायला सगळ्यांच्या वाटीसारखीच वाटी. बबनची अटच तशी होती, की कुणाला कळता कामा नये.

बारा वाजून दहा मिनिटांनी तो रांगेत पहिला उभा होता. मागं जगताप, त्याच्या मागं अख्खं प्रेस शॉप. बबनला बघून आरोळ्या झाल्या, कुणी शिट्टी मारली. त्यानं वाटी घेतली आणि काउंटरसमोरच्या टेबलावर बसला. चहाच्या चमच्यानं पहिला घास घेतला. रांग अडली. चौदाशे माणसांची रांग बबनच्या तोंडाकडं बघत उभी राहिली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी शिवी दिली नाही.

जगतापनं विचारलं, "कसं झालंय?"

बबननं सावकाश गिळलं. वाटीत चमचा फिरवून नीट बघितलं. "बरं हाय," तो म्हणाला. "आत वळखीचं कुनी न्हाई."

जो हशा झाला तो नाटकातल्या माझ्या हशापेक्षा मोठा होता, हे मी प्रामाणिकपणे मान्य करतो. जगतापनं ताट पुढं केलं. "मामा, मला दोन वाट्या." आणि रांग सुटली. मी वाढत होतो आणि मला समोरचं नीट दिसत नव्हतं. शकुंतलाबाई चपात्या टाकता टाकता म्हणाल्या, "कांदा चिरताय का मामा?" म्हटलं, हो.

जगताप बबनच्या शेजारी जाऊन बसला. दोन वाट्या संपवून झाल्या तरी बबनची एक अर्धीच होती. "काय रं, बाळासारखं चमच्यानं खातोस?" आता तो काहीतरी थाप मारील असं मला वाटलं. मी त्याला खूणही केली, की उठ, जा. पण त्यानं चमचा खाली ठेवला आणि एक बोट वर केलं.

"एवडंच उघडतंय," तो म्हणाला. "पुडीनं. तीन बोटं गेली पायजेत, म्हनतो डाक्टर. माजं एक जातंय. तुजी बघ."

जगतापनं हळूच तीन बोटं तोंडात घातली. त्याच्या समोरच्यानं घातली. शेजारच्या टेबलावरच्यांनी घातली. दोन मिनिटांनी निम्मं प्रेस शॉप तोंडात बोटं घालून बसलं होतं आणि कुणी हसत नव्हतं. वेल्डिंगच्या एका पोरगेल्या ऑपरेटरची दोनच बोटं जात होती. तो पुन्हा पुन्हा घालून बघत होता. त्या दिवशी हात धुवायच्या जागेजवळच्या कचराकुंडीत किती पुड्या पडल्या ते सफाईवालीनं मला बोलावून दाखवलं. सगळ्यांनी सोडली असं नाही, खोटं कशाला सांगू? काही जण आठवड्यानं परत टपरीवर दिसले. वेल्डिंगचा मात्र दिसला नाही.

मी काउंटरवर राहिलो. नाटक अंतिम फेरीत गेलं तेव्हा निखिल सोवळं घेऊन आला होता, मी नाही म्हटलं. त्यानं दुसरा नट घेतला. माझ्यापेक्षा बरा होता म्हणे. मी बघायला गेलो नाही आणि रंगोपंतही परत वाचला नाही. आता तो माणूस मला पटत नाही. पाहुण्यानं का टाकलं, हे त्या शहाण्यानं कधी विचारलंच नाही.

बबनला डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या दातांत एकावर एक रचून धरायच्या, आणि हळूहळू एकेक वाढवायची. काउंटरवर आला की तो ताट पुढं करायच्या आधी आकडा सांगायचा. "आज अकरा, मामा." "आज बी अकराच." एकदा बाराच्या तेरा व्हायला दीड महिना लागला. रोज दुखायचं त्याला, चेहऱ्यावर दिसायचं. मी त्याची वाटी वेगळी करत राहिलो. आता लपवायचं काही नव्हतं, त्यामुळं आणखी दोघाचौघांनी हळूच "मामा, मला पण तसलं" म्हणून सांगितलं.

वर्ष-दीड वर्षानं, कँटीनमधला माझा शेवटचा आठवडा चालू होता तेव्हाची गोष्ट. बाजरीची भाकरी होती. बबन म्हणाला, "मामा, वाटी ऱ्हाऊ द्या. भाकर द्या."

"कुस्करून?"

"आख्खी."

तो कोपऱ्यात जाऊन बसला. लहान लहान तुकडा मोडायचा, तोंडात सरकवायचा, एका बाजूनं चावत राहायचा. टेबल रिकामं झालं, रांग संपली, सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. मग तो उठला आणि ताट घेऊन खिडकीशी आला. ताटात अर्धी भाकरी तशीच होती. त्यानं माझ्याकडं बघितलं. तीस वर्षं त्या खिडकीशी जे मी कुणालाही म्हटलं नव्हतं ते म्हटलं.

"राहू दे, बबन."

"ऱ्हाऊ कशी देऊ?" तो म्हणाला. "पाच-सहा वर्सांनी दाताखाली काय तरी आलंय."

त्यानं ती अर्धी भाकरी उचलली, रिकामं ताट माझ्या हातात दिलं आणि शॉपकडं चालायला लागला. शॉपमध्ये खायला सक्त मनाई आहे. दारापर्यंत तो चावत गेला, आणि तिथं उभा राहून त्यानं सगळी संपवली. आतून सुपरवायझर हाका मारत होता. मी ताट हातात धरून बघत राहिलो.